नववी चिंधी

१ नोव्हेंबर

हरणांचा हंगाम पंधरा तारखेला सुरू. आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसाने तयारीच्या काळातली टिपणं ठेवावीत. मागाहून लोक विचारतात.

मुद्दा सरळ आहे. सासऱ्यांचे, म्हणजे आर्वोंचे, गुडघे गेले. टेकडीवरच्या मचाणाची शिडी त्यांना आता चढवत नाही. अख्ख्या रानात तशी जागा नाही. एका अंगाला हेमलॉकची दाट झाडी, दुसऱ्या अंगाला सीडरची दलदल, आणि मधून हरणांची वहिवाट. चाळीस वर्षं तिथे आर्वोंशिवाय कोणी बसलेलं नाही. परवा जेवताना ते म्हणाले की बघू, यंदा कोणालातरी देऊन टाकतो. 'कोणालातरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयली म्हणते की ते बटाट्यांकडे पाहत होते, बटाटे तुझ्यासमोर होते. आयली माझी बायको. सख्ख्या बापाची नजर तिला ओळखता येत नाही, याचं नवल वाटतं.

प्रतिस्पर्धी एकच. डेल, आयलीचा धाकटा भाऊ. दर वर्षी एक नर पाडतो, कधी दोन. त्यात शास्त्र काही नाही. बसतो, हरीण येतं, मारतो.

माझ्याविरुद्ध बोलण्यासारखी गोष्टही एकच, ती म्हणजे कॅम्पवरची, रानातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीतली, भिंत. रिवाज असा की बार काढला आणि हरीण हुकलं, तर त्या माणसाच्या शर्टाच्या पाठीचा खालचा तुकडा कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचा. भिंतीवर तेरा चिंध्या आहेत. आठ माझ्या. लोक याचा भलताच अर्थ लावतात. चिंधी लागायला आधी हरीण समोर यावं लागतं. माझ्यासमोर आठ वेळा आलं, हे कोणी बोलत नाही.

संकल्प: नववी चिंधी नाही. पहिल्याच सकाळी नर. मचाण माझं.

४ नोव्हेंबर

वासाचा बंदोबस्त. साबण बंद. कांदा, कॉफी, दाढीनंतरचं लोशन, सगळं बंद. शिकारीचे कपडे गॅरेजमध्ये, सीडरच्या डहाळ्या भरलेल्या पोत्यात. आयली म्हणाली की मग पोत्यात तुझ्यापुरतीही जागा कर.

दुकानात (कानाची मशिनं विकतो) टुओमेलाबाई आल्या. नवीन मशीन लावून बघितलं. म्हणाल्या, ऐकू छान येतंय रे, पण मागच्या खोलीत काहीतरी मरून पडलंय का बघ.

प्रगती समाधानकारक.

५ नोव्हेंबर

कॉफी पुन्हा सुरू. डोकं ठणकत होतं. शिवाय रानातले सगळे शिकारी कॉफी पितात. तो वास आला नाही तर हरणांना संशय येईल.

८ नोव्हेंबर

खडीच्या खाणीवर नेमबाजी. शंभर यार्डांवर कागदी थाळी. माझ्या पाच गोळ्या, पाचही मधोमध. भोकं एकमेकांत मिसळून एकच भगदाड. डेलच्या चार थाळीत, एक वाळूत. तो बराच वेळ दुर्बिणीतून माझी थाळी बघत राहिला. मग म्हणाला, दाजी, यंदा हरणांना गळ्यात थाळी बांधून यायला सांगू का?

मत्सर. दुसरं काय.

थाळी घरी आणून आयलीला दाखवली. म्हणाली की असं आहे तर मग आठ वेळा काय झालं? प्रश्न रास्त आहे. उत्तर उद्या सविस्तर.

९ नोव्हेंबर

कारणमीमांसा. नमुन्यादाखल काही.

पहिलं: डोळ्यांवर ऊन.

तिसरं: नराने ऐन वेळी मागच्या पायाने कान खाजवला. कुत्र्यासारखा, डोळे मिटून, तोंड वाकडं करून. अशा वेळी कोणाचा हात स्थिर राहील?

पाचवं: बर्फ पडत होता आणि त्याच्या पाठीवर साचत होता. पापण्यांवरसुद्धा. मी पापण्या बघत बसलो. खांदा बघायला हवा होता. तांत्रिक चूक.

सातवं: मादी आणि पिल्लू मध्ये आली. नंतर बाजूला झाली, पण तोवर लय गेली.

बाकीच्यांची कारणं याच धर्तीवर. निष्कर्ष: आठही वेळा दोष परिस्थितीचा. आयलीला सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मग भांडी पुसता पुसता म्हणाली की नॉर्मन, एखाद्या वर्षी घरी थांबलास तरी कोणी तुला काही म्हणणार नाही. तिला नेमकं काय सुचवायचं होतं कळलं नाही. विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

मी मूळचा, राज्याचे दोन भाग जोडणाऱ्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेचा. पुलाच्या उत्तरेकडचे हे लोक आम्हाला पुलाखालची भुतं म्हणतात. सव्वीस वर्षं झाली इथे येऊन. यांच्याबरोबर सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसून भाजून निघालो, पॅस्टीत, म्हणजे मटणाच्या करंजीत, सलगम हवंच म्हणून परक्यांशी भांडलो, यांच्या आजोबांच्या थडग्यांवरचा बर्फ उपसला. तरी आर्वो अजून ओळख करून देताना म्हणतात की हा आयलीचा नवरा.

बरोबर आहे. इथे माणसाची ओळख हरणावरून होते. गावात चौकातल्या आडव्या वाशाला आपलं हरीण टांगलेलं लोकांनी बघितलं की मग नाव घेतात. आणि ज्याला आर्वोंचं मचाण, त्याच्याविषयी तर विचारायलाच नको.

हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो. मला ते मचाण फार हवं आहे.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ, कॅम्पवर

पोचलो. चूल पेटलेली, मोजे वाळत घातलेले, सगळं गेल्या वर्षीसारखं. डेलने हात मिळवण्याआधी भिंत दाखवली. म्हणाला, दाजी, खिळा आधीच ठोकून ठेवलाय, तुमचा वेळ जायला नको.

दुर्लक्ष केलं. नवा लोकरी शर्ट घालून आलो आहे, हिरव्या चौकड्यांचा, आयलीने वाढदिवसाला दिलेला. मुद्दाम. परतीचे दोर कापून टाकले.

जेवताना आर्वो म्हणाले की उद्या टेकडीवर नॉर्मन बसेल, डेलने नेहमीसारखं दलदलीच्या काठाला बसावं. डेलचा घास हातातच राहिला. म्हणाला, बाबा, ताप आलाय का तुम्हाला? दाजींना ते मचाण? गाढवाला गुळाची चव काय! आर्वो म्हणाले की उद्याच्यापुरतं म्हणतोय, पुढचं पुढे.

म्हणजे परीक्षा आहे. घोडामैदान जवळच आहे.

१५ नोव्हेंबर, पहाट

उठलो. मनःस्थिती उत्तम. डेल घोरतोय. आर्वो मात्र चुलीपाशी जागे. माझ्या हातात थर्मास दिला. म्हणाले की सावकाश चढ, तिसरी पायरी हलते. एवढंच. मी विजयाविषयी दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती बोलायची राहिली.

मचाणावर, अंधार

बसलो. बंदूक भरली. शिकाऱ्यांना सक्तीचं केशरी जॅकेट नीट. पेन गोठलं, पेन्सिलने लिहितो आहे.

७.२५

बार काढायला कायद्याने परवानगी. दक्षिणेकडून लाह्या फुटाव्यात तसे आवाज. अख्खा जिल्हा कामाला लागला.

७.५०

दलदलीकडून बार. डेलचा. एकच. एकच म्हणजे लागला.

घाई नाही. मी मोठ्याची वाट बघतो आहे.

८.१०

मादी. मागे दोन पिल्लं. एकाने बर्फ हुंगला आणि शिंकलं. आपल्याच शिंकेने दचकून आईच्या पोटाखाली शिरलं. नोंद केवळ शास्त्रीय.

८.३५

आला.

शिंगांना दहा टोकं. मान जाड. तीस पावलांवर. वारा माझ्या तोंडावर, ऊन पाठीशी, फांदी आड नाही, मादी मध्ये नाही, कान खाजवत नाही. तक्रारीला कुठे जागाच नाही.

८.४०

अजून आहे.

८.४५

खाली बसला. हेमलॉकखाली, आधी पुढचे गुडघे, मग मागचं धूड, म्हाताऱ्या माणसासारखा जपून. रवंथ करतोय. बसलेल्या जनावरावर बार काढणं मला पटत नाही. उठला की बघू.

९.०५

उठत नाही. डोळे अर्धे मिटले आहेत. कॉफी प्यायची होती, पण थर्मासचं झाकण वाजतं.

९.३०

उठला. अंग झटकलं. एकदा वर बघितलं. मग गेला. चालत गेला.

बंदुकीचा सुरक्षेचा खटका काढायचा राहिला. थंडीने बोटं बधिर झाली होती. हातमोजे निकृष्ट. दुकानदाराला बोलणार आहे.

९.४०

अडचण. काही दिसलंच नाही असं सांगता आलं असतं, पण खाली बर्फ आहे आणि डेलला माग वाचता येतो. मचाणाच्या समोर हरीण बसल्याची जागा, वितळून खळगा झालेला. दहा टोकांचा नर समोर निवांत रवंथ करून गेला आणि दाजींनी बार काढला नाही, या गोष्टीला कॅम्पवर नावच नाही. हुकलं तर निदान चिंधी तरी आहे.

९.५०

बार काढला. दिशा साधारण समोरची, एका जुन्या बुंध्याच्या रोखाने. नर त्या वेळी तिथे नव्हता, हा तपशील किरकोळ आहे.

दुपार

डेलचा सहा टोकांचा नर अंगणात टांगलेला. शेजारच्या कॅम्पवरचे दोघे बघायला आलेले. डेल म्हणाला, दाजी, तुमचा बार ऐकला, कुठेय? मी म्हटलं, लांब होता. किती लांब? म्हटलं, दीडशे यार्ड, वारा आडवा, फार चपळ जनावर. डेल पुढचं ऐकायला थांबला नाही. कात्री आणायला गेला.

हिरव्या चौकड्यांचा शर्ट जवळजवळ खांद्यापर्यंत कापला. एवढा कापायचा रिवाज नाही. शेजाऱ्यांपैकी एकाने कापड चाचपून बघितलं आणि म्हणाला, वा, यंदा माल भारी आहे. खिळा, हातोडी, टाळ्या. मी सगळं खिलाडूपणे घेतलं. पाठीला गार वारा लागतोय.

आर्वो तेवढे हसले नाहीत. उठले आणि काठी घेतली. हुकलं म्हणणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नसतं. रक्ताचा थेंब पडला आहे का ते जाऊन बघायचं असतं. जखमी जनावर रानात सोडणं पाप. नियम चांगला आहे, मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. डेल म्हणाला की मी जातो. मी म्हटलं की छे छे, मीच जातो. जरा मोठ्यानेच म्हटलं. आर्वो म्हणाले की कोणी यायचं नाही.

त्या गुडघ्यांनी. चढावर.

दुपार, उशिरा

अजून आले नाहीत. मी खिडकीशी. डेल म्हणाला, दाजी, बसा की, काच झिजेल. बसलो. पुन्हा उठलो. माणसाचं वय ऐंशीच्या पुढे आहे, नजर कमी झाली असणार. गेल्याच महिन्यात मात्र त्यांनी चष्म्याशिवाय औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली होती.

वाटतं, जाऊन सगळं सांगून टाकावं. काय सांगणार? बोटं बधिर होती. खरं तेच.

३.१५

आले. म्हणाले की रक्त नाही, साफ हुकलं. बूट काढले. कॉफी मागितली.

मचाण गेलं. पण अब्रू वाचली. चुलीत लाकडं घातली.

सौनानंतर

डेल शेजाऱ्यांबरोबर आपला नर गावात टांगायला घेऊन गेला. सौनात आर्वो आणि मी, दोघंच.

आर्वोंनी दगडांवर पाणी ओतलं. म्हणाले की बुंध्यात गोळी अगदी मधोमध बसली आहे. मी वाऱ्याविषयी बोलू लागलो. म्हणाले की नराची पावलं चालीची आहेत, बार ऐकून चालत जाणारं हरीण माझ्या पाहण्यात नाही. मी बर्फाच्या प्रतीविषयी बोलू लागलो. म्हणाले, नॉर्मन, गप्प बस जरा. इथे खोटं बोलत नाहीत, देवळासारखी जागा आहे ही.

वाटलं, संपलं. आता मचाण डेलला आणि मला जन्मभर भांडी.

तर म्हणाले की मचाण तुझं.

मी ताडकन उभा राहिलो, डोकं छताला आपटलं. म्हटलं, माझ्या तयारीची कोणीतरी दखल घेतली. ते म्हणाले, तयारी कसली बोडक्याची. लेम्पी गेल्यापासून मी तिथे बंदूक भरलेली नाही.

लेम्पी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. इतकी वर्षं आर्वो टेकडीवरून रिकाम्या हाताने उतरायचे आणि आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो की म्हातारा फार निवडक आहे, लहानसहान जनावर त्याच्या नजरेत भरत नाही.

म्हणाले की पहिल्या वर्षी नुसता तिच्याशी बोलत बसलो, हरणं येऊन गेली, मारायचं राहिलं. दुसऱ्या वर्षीही राहिलं. मग राहूनच गेलं. घरात डेलची बंदूक आहेच, मटण कमी पडत नाही. पण टेकडी डेलच्या हाती दिली तर दोन हंगामांत ती ओस पडेल. तुझ्या चौथ्या-पाचव्या चिंधीपासून मला शंका होती. आज खात्री करून घेतली.

अट घातली. तिथे एक जरी हरीण पडलं तर मचाण त्याच दिवशी डेलचं. आणि रोज संध्याकाळी खाली येऊन सांगायचं की काय आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं. मला आता चढवत नाही, म्हणाले. आज चढलो तो शेवटचा.

मी ठणकावून सांगितलं की आपला काहीतरी गैरसमज होतो आहे, मी शिकारी आहे, पुढच्या वर्षी बघाच. ते म्हणाले, हो, हो. आणि आणखी पाणी ओतलं.

अपमान झाला. सव्वीस वर्षांत एवढा झाला नव्हता. आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की तोंड भिंतीकडे फिरवलं. वाफ होती म्हणून ठीक.

१६ नोव्हेंबर, मचाणावर

गोळ्या खिशात. भरता येतील केव्हाही. सध्या भरलेल्या नाहीत, इतकंच.

मादी, दोन्ही पिल्लं. कोल्हा. खार माझ्या बुटावरून गेली.

नऊनंतर तो. त्याच जागी बसला.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ

डेलला मचाणाचं कळलं. ताट आपटलं. शेजारचे दोघे पत्ते खेळायला आले होते, त्यांचेही हात थांबले. डेल म्हणाला, नऊ चिंध्यांवर बक्षीस मिळतं हे आधी सांगितलं असतं तर मीपण आभाळात गोळ्या उडवल्या असत्या! बाबा, कारण तरी सांगा.

सगळे आर्वोंकडे बघू लागले. मीही. खरं कारण ते सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण काहीतरी शोभेसं सांगतील, अनुभव, संयम, असं काही, अशी अपेक्षा होती.

आर्वो म्हणाले की डेल, तुला कुठल्याही झुडपात बसवलं तरी तू हरीण आणतोस. याला कुठेही बसवा, सारखंच. मग निदान बसायला तरी बरी जागा असू दे बिचाऱ्याला.

हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. डेलला तर इतकं पटलं की त्याने उठून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, दाजी, घ्या, तुमच्या हातात ते मचाण म्हणजे हरणांची चैन आहे. यावर मी एका वाक्यात उत्तर देऊ शकलो असतो. आर्वो पत्ते पिसत होते, वर बघत नव्हते. मी दिलं नाही. मीही हसलो.

शेजारी गेले, डेल लाकडं आणायला बाहेर पडला. तेवढ्यात आर्वोंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं की कोण कोण आलं? सांगितलं. मादी, पिल्लं, कोल्हा, खार. म्हणाले, आणि तो? म्हटलं, आला, तिथेच बसला, बराच वेळ. ते पुढे झुकले. म्हणाले की तोंड कुठे करून बसला, दलदलीकडे की टेकडीकडे?

ते मी टिपलं नव्हतं. तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, जावईबापू, एवढं एकच काम दिलंय तुला.

उद्या नीट बघतो.